लीजची कापलेली कड

तुझे आजोबा पुस्तकं बांधायचे. म्हणजे बाइंडिंग करायचे. किती हजार पुस्तकं त्यांच्या हातून गेली असतील कुणास ठाऊक, पण वाचलेलं एक नाही. हे पहिल्यांदा लिही, म्हणजे पुढचं नीट कळेल. अक्षरं येत होती त्यांना, माझ्यासारखं नव्हतं. पण पुस्तक हातात आलं की ह्यांची नजर कडेवर. कड सरळ आहे का, शिवण घट्ट आहे का, पाठ गोल बसली का. मी एकदा विचारलं, "अहो, एवढं जाडजूड पुस्तक आठवडाभर मांडीवर घेऊन बसलात, आहे तरी काय त्यात?" तर म्हणाले, "चारशे सोळा पानं."

घरात पण तसंच. टेबलावरून बोट फिरवतील, ताटल्यांची चळत वाकडी दिसली की जाता जाता सरळ करतील. तुझी आई लहान होती तेव्हा तिच्या वह्यांना असली कव्हरं घालून द्यायचे की बाई विचारायच्या, ही वही आहे की दस्तऐवज? अंगाला कायम खळीचा वास. खळ म्हणजे चिकटवायला करतात ती. किती धुतलं तरी बाहीला कडक डाग असायचाच.

आणि काळजी करायचे. फार. घरातून निघताना कुलूप ओढून बघायचे, वळणापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा ओढून बघायचे. मी म्हणायची, "आता ओढून ओढूनच तुटेल ते." अशा माणसानं लीजचं घर घेतलं.

ते असं झालं. आम्ही एका खोलीत राहत होतो, भाड्याच्या. तुझी आई चार वर्षांची. तेव्हा शिवणकाम करणाऱ्या एका म्हातारीनं आपलं घर विकायला काढलं, आणि ते आम्हाला परवडेल एवढ्यात मिळत होतं. एका ओळीत अकरा घरं, खांद्याला खांदा लावून. आमचं टोकापासून तिसरं. पुढे एक खोली, मागे एक, मग स्वयंपाकघर. मागच्या दाराबाहेर अंगण, म्हणजे काय, दोन चादरी वाळत घातल्या की संपलं. पण नळ होता स्वतःचा. मी तर त्या नळावरच भाळले. घर घेतलं, घर घेतलं, असं सांगत सुटले सगळ्यांना. बहिणीला पत्र लिहवून घेतलं.

महिनाभरानं हे म्हणाले, "घर आपलं आहे. जमीन नाही."

मी म्हटलं, "म्हणजे? घर काय हवेत उभं आहे?"

मग सांगितलं त्यांनी. भिंती आमच्या, छप्पर आमचं, दारं-खिडक्या आमच्या, पण खालची जमीन दुसऱ्याची. ती आपल्याकडे काही वर्षांसाठी आहे, त्याला लीज म्हणतात. दरवर्षी जमिनीचं थोडं भाडं द्यायचं. मुदत संपली की जमीन ज्याची त्याला परत, आणि वरचं घरही त्याचंच. म्हातारीनं सांगितलं होतं की अजून सोळा वर्षं आहेत, कागदात सगळं आहे. खरेदीच्या वेळी तिथल्या कारकुनानं तो कागद भराभर वाचला, मान डोलावली, आणि ह्यांनी सही केली. ह्यांनी कागद बघितला होता. म्हणजे चांगल्या प्रतीचा जुना कागद आहे, सात पानं आहेत, शिवण सुटलीय, एवढं बघितलं होतं.

मी म्हटलं, "सोळा वर्षांनी आपण कुठे जायचं?"

"तेच तर," म्हणाले. त्या दिवसापासून ह्यांचं वर्षं मोजणं सुरू झालं.

कशाकशाला म्हणून मोजायचे! छपराला नवे पत्रे घालायचे होते. पत्रेवाला म्हणाला, वीस वर्षं बघायला नको. हे म्हणाले, "आपली उरलीत तेरा. मग वरच्या सात वर्षांचे पत्रे मी जमीनवाल्याला फुकट देऊ?" तो पत्रेवाला बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तुम्ही तेरा वर्षंच टिकणारे घाला हो." भिंतीत खिळा ठोकायचा तरी ह्यांचा हात अडखळायचा. तुझ्या आईचा वाढदिवस आला की मी म्हणायची, पोरगी एक वर्षानं मोठी झाली, आणि ह्यांच्या तोंडावर दिसायचं की घर एक वर्षानं कमी झालं.

पाच वर्षं अशी गेली. अकरा उरली. आणि एक दिवस जमीनवाल्याचं पत्र आलं.

जमीनवाले म्हणजे दाताचे डॉक्टर. मोठ्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. अकराही घरांखालची जमीन त्यांच्या वडिलांची, आता त्यांची. माणूस वाईट नव्हता, कमी बोलायचा. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावून स्वतः गप्प बसायची सवय लागली असेल. ते आता लेकीकडे राहायला जाणार होते, सगळं आवरून. पत्रात होतं की ज्याला आपल्या घराखालची जमीन विकत घेऊन कायमची मालकीची करायची असेल त्यानं दोन महिन्यांत करून घ्यावी. राहिलेली सगळी मागच्या गोदामवाल्याला जाईल. आणि येताना लीजचा मूळ कागद आणावा.

पैसे होते. घरासाठीच म्हणून बाजूला ठेवलेले होते, ती अडचण नव्हती. हे इतके खूश झाले की कुलूप ओढून न बघता कामावर गेले. मीच जाऊन बघितलं.

आता माझी चूक सांगते. ती पण लिही. संध्याकाळी ह्यांनी पेटीतून तो कागद काढला. कडा झिजलेल्या, कोपरे दुमडलेले, तिसऱ्या पानाच्या कडेला तर तपकिरी डाग, ओल लागल्यासारखा. मला वाचता येत नाही, पण चिंधी कळते. मी म्हटलं, "अहो, एवढं मोठं काम, वकील बसणार, डॉक्टर बसणार, आणि तुम्ही बाइंडर असून हे असलं लक्तर घेऊन जाणार? लोक काय म्हणतील? जरा नीट करा."

बस. दुसऱ्या दिवशी बाइंडिंगच्या कारखान्यात कामाची वेळ संपल्यावर मालकाला विचारून ह्यांनी सातही पानं एकावर एक लावली, मोठ्या कटिंग मशीनमध्ये दाबली आणि कडा कापून काढल्या. अर्धं बोट. मग शिवलं, पाठीला कापड लावलं, पुठ्ठ्याचं कव्हर घातलं. घरी आणलं तेव्हा काय देखणं दिसत होतं! सुरीसारखी सरळ कड. मी शेजारच्या घड्याळवाल्याच्या बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आमचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो आणि घरातलं घड्याळ बंद. तुमचं नशीब बघा."

सहा आठवड्यांनी ह्यांना डॉक्टरांच्या वकीलबाईंनी बोलावलं. हे नवा शर्ट घालून गेले. आले, आणि गप्प झाले.

पहिल्या दिवशी वाटलं दमलेत. दुसऱ्या दिवशी ताटावर बसले आणि तसेच उठले. तिसऱ्या, चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी ते मागच्या पायरीवर बसले होते तिथे मी गाठलं.

"अंगात बरं नाही का?"

"बरं आहे."

"कारखान्यात कुणी बोललं?"

"नाही."

"मग तोंडाला कुलूप कसलं? जमिनीचं काय झालं?"

मग म्हणाले, "कागद मी कापला."

"कापला ना, मग? छान कापलात."

"त्यात लिहिलेलं होतं."

मग एकेक शब्द ओढून काढावा तसं बाहेर आलं. वकीलबाईंनी कागद उघडला. दुसऱ्या पानावर मुदत लिहिलेली होती. साठ वर्षं. ती संपून चोवीस वर्षं झाली होती. हे म्हणाले, "नाही हो, अजून अकरा उरलीत." बाई म्हणाल्या, "कुठे लिहिलंय?" ह्यांनी पानं उलटली, सात पानं दोनदा उलटली. कुठेच नव्हतं. मग बाईंनी तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. कापलेल्या कडेला खालपासून वरपर्यंत तपकिरी ठिपक्यांसारखं काहीतरी होतं. "हे काय आहे?" हे वाकून बघायला लागले. अक्षरांच्या शेपट्या होत्या त्या. डॉक्टरांच्या वडिलांनी मागे कधीतरी मुदत वाढवून दिली होती, आणि नवीन कागद कशाला म्हणून तिथेच, कडेला, आडवं लिहून सही केली होती. आम्ही ज्याला ओल म्हटलं ती शाई होती. डोकी कापली गेली आणि शेपट्या राहिल्या.

मी म्हटलं, "मग डॉक्टरांकडे असेल ना एक प्रत?"

"आहे. तिच्यावर ते लिहिलेलं नाही."

"आपण दरवर्षी भाडं भरतो, पावत्या आहेत की."

"तेही म्हटलं मी. बाई म्हणाल्या, पावतीवरून तुम्ही राहता एवढंच दिसतं. किती वर्षं राहायचा हक्क आहे ते दिसत नाही. लिहिलेलं असेल तर दाखवा." आणि हळूच म्हणाले, "नाहीतर घर चोवीस वर्षांपूर्वीच त्यांचं झालंय. म्हातारीनं आपल्याला विकलं ते तिचं नव्हतंच."

म्हातारी कधीच देवाघरी गेली होती. विचारणार कुणाला?

पोरगी आत पाढे म्हणत होती. मला एकदम वाटलं, ही खोली, हा ओटा, हा नळ, सगळं आपण कुणाच्या तरी घरात शिरून वापरतोय. आणि हे सगळं माझ्या एका बोलण्यावरून, लोक काय म्हणतील यावरून. हे मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी विचारलं, "कापलेलं गेलं कुठे?"

"कातरण पोत्यात जाते. पोतं शनिवारी पुठ्ठेवाल्याकडे. तो भिजवून लगदा करतो."

मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात हे ताठ झाले. "थांब. जुन्या कागदाची कातरण मी पोत्यात टाकत नाही."

त्यांचं काम असं असायचं बघ. जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं आणि त्याला नवा कागद लावला, की नवा कागद वाळताना जुन्याला ओढतो आणि बाजूनं फाडतो. म्हणून ते कुठेही जुना चांगला कागद मिळाला की त्याच्या पट्ट्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवायचे, आणि जुन्या पुस्तकाच्या पाठीला आतून तीच ठिगळं लावायचे. लीजच्या सातही पट्ट्या त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकल्या होत्या.

सकाळी कारखाना उघडायच्या आधी आम्ही दोघं दाराशी हजर. ड्रॉवर उघडला. लीजच्या सहा पट्ट्या होत्या. सहाही कोऱ्या.

"सातवी वापरली," म्हणाले. "डाग होता म्हणून ती आधी संपवली. डागाची बाजू आत करून चिकटवली." आणि डोळे मिटून बोटं मोजायला लागले. ह्या माणसाला काल काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण कुठल्या पुस्तकाला काय लावलं ते विचारावं. "चार तुकडे केले. एक शाळेच्या नकाशाच्या पुस्तकाला. एक संगीताच्या मास्तरांच्या वहीला. एक बोटीवरच्या आचाऱ्याच्या शब्दकोशाला. एक औषधवाल्याच्या विषाच्या वहीला."

"विषाची वही?"

"कुठलं विषारी औषध कुणाला दिलं ते लिहायची."

डॉक्टरांनी दिलेले दोन महिने संपायला तेरा दिवस होते. मी म्हटलं, "चला." एकटे गेले असते तर दारात उभे राहून घाम पुसत परत आले असते. माणसाशी बोलायचं म्हटलं की ह्यांची बोलती बंद.

शाळेत सोपं गेलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "न्या हो, पोरांनी फाडायच्या आधी तुम्हीच फाडा." हे तिथेच, व्हरांड्यातल्या बाकावर बसले. ओला स्पंज लावला, थांबले, हाडाची चपटी पट्टी सरकवली आणि तो तुकडा उचलला. पालथा केला. मी काय बघणार? मी त्यांचं तोंड बघत होते. ओठ हलले. मग त्यांनी मला वाचून दाखवलं, "ही मुदत संपल्यावर पुढे आणखी." एवढंच. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, ह्यांनी मला मोठ्यानं काही वाचून दाखवलं ते हे पहिलं.

"आणखी किती?" मी विचारलं.

"ते दुसऱ्या तुकड्यात."

संगीताच्या मास्तरांकडे शिकवणी चालू होती. आठ-नऊ मुली एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि दर वेळी एकीचा सूर घसरत होता. आम्ही दाराशी तासभर बसून. मला ती ओळ अजून ऐकू येते. शिकवणी संपल्यावर मास्तर म्हणाले, "तुम्हीच तर परवा जोडून दिलीत आणि आता तुम्हीच उचकटायला आलात? ही काय तऱ्हा?"

मी पुढे झाले. "मास्तर, तुमच्या वहीच्या पाठीत आमचं घर अडकलंय."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक पान जरी इकडचं तिकडे झालं ना, तर तुमच्या घराशी येऊन बसेन आणि रोज पहाटे गाईन." पण दिली वही. आणि त्यात निघालं, "पस्तीस वर्षे वाढवून दिली." मी बोटांवर मोजलं, चोवीस गेली, अकरा उरली. म्हातारी खरं बोलली होती.

पण सही नव्हती अजून. सहीशिवाय कोण मानणार?

आचाऱ्याकडे गेलो तर दाराला कुलूप. समोरची बाई म्हणाली, "गेले की बोटीवर. गुरुवारी. आता नऊ महिन्यांनी." शब्दकोश? "तो तर उशाशी घेऊन झोपतात ते, नेला असणार." त्या तुकड्यात काय असेल, हे आम्हाला कळेना. सही त्यात असेल तर संपलंच सगळं.

घरी आल्यावर मी म्हटलं. हो, मीच म्हटलं, लपवत नाही. "अहो, ड्रॉवरमध्ये त्याच कागदाच्या सहा पट्ट्या आहेत. तपकिरी शाई कारखान्यात मिळेल. जे नाही सापडलं ते लिहून टाका. कोण बघतंय? आपण काही खोटं मागतोय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मी बांधतो. लिहीत नाही."

औषधवाल्याकडे दुसऱ्या दिवशी गेलो. तो टक्कल पडलेला, घाबरट माणूस, आमच्यापेक्षा घाबरट. विषाची वही म्हटल्यावरच हात झाडायला लागला. "छे छे छे. तपासणीवाला कधीही येतो. वही दुकानाबाहेर जाऊ शकत नाही. एक पान हललेलं दिसलं तर माझं दुकान बंद!"

"बाहेर नको," हे म्हणाले. "इथेच करतो. तुमच्या समोर."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"आणि तेवढ्यात तो आला तर?"

मी म्हटलं, "तर मी पोट धरून जमिनीवर पडते. तुम्ही मला औषध द्या."

तो हसला नाही, पण वही काढली. ह्यांनी त्याच्याच स्टोव्हवर किटली ठेवली, वाफेवर वहीची पाठ धरली. औषधवाला एक डोळा वहीवर, एक दारावर. दाराची घंटा वाजली की तिघंही दचकायचो. एकाला खोकल्याचं औषध हवं होतं, एका बाईला कापूस. मी वहीचं दुसरं टोक धरून ठेवलं. तुकडा सुटला. पालथा केला. त्यांनी डोळे मिटले.

"काय? काय आहे?"

"सही," म्हणाले. "सही आहे."

मग त्यांनी दुसऱ्याच एका जुन्या कागदाची पट्टी लावून ती वही अशी जोडून दिली, की औषधवाला उलटीसुलटी करून बघत राहिला आणि दुकान उघडं टाकून आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

आता डॉक्टर. दवाखान्यात दुपारी बोलावलं होतं. वकीलबाई आधीच येऊन बसलेल्या. ह्यांनी पुठ्ठ्याचं कव्हर काढून तिसरं पान मोकळं करून आणलं होतं, आणि तीन तुकडे वेगळे, पाकिटात. चिकटवले नव्हते. म्हणाले, "मी जोडलं तर कळणार नाही कुठे जोडलंय. म्हणून जोडलं नाही. तुम्हीच लावून बघा."

डॉक्टरांनी काही न बोलता रुग्णाच्या खुर्चीवरचा तो मोठा दिवा ओढला, पान ट्रेमध्ये ठेवलं, आणि दात बघायच्या चिमट्यानं एकेक तुकडा उचलून कडेला लावला. शेपट्या पानावर, डोकी तुकड्यावर. पहिला बसला. दुसरा बसला. मग थोडी जागा रिकामी. मग सही. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे.

"ही बाबांचीच सही," डॉक्टर म्हणाले. "शेवटी अशी गाठ मारायचे."

वकीलबाई म्हणाल्या, "मधला तुकडा नाही. तारीख नाही, साक्षीदार नाही. आणि हे स्वतः बाइंडर आहेत. असं काही तयार करणं यांना अवघड नाही. गोदामवाले पूर्ण ओळ मागताहेत, डॉक्टर. तुम्ही बांधलेले नाही."

ते खरंच होतं. डॉक्टर नाही म्हटले असते तर घर त्यांचं. कुणी काही करू शकलं नसतं.

डॉक्टर ह्यांच्याकडे वळले. "मधल्या तुकड्याचं काय?"

"बोटीवर गेला," हे म्हणाले.

"तुमच्याकडे हाच जुना कागद अजून आहे?"

"आहे. सहा पट्ट्या."

"मग मधला तुकडा का नाही केलात? ओळ पूर्ण दिसली असती."

हे खाली बघायला लागले. कान लाल. मला राहवेना. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं करा म्हणून! दोनदा सांगितलं. ह्यांनी ऐकलं नाही."

वकीलबाईंचं पेन हवेतच राहिलं. मला वाटलं, झालं, मीच तोंडानं घर घालवलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भर रस्त्यात कुलूप तोडलं.

आणि डॉक्टर हसले. मोठ्यानं. माणसाला इतके दात असतात हे मला तेव्हा कळलं. वकीलबाईंना म्हणाले, "घाला यांचं नाव यादीत. खोटं करायचं असतं तर भोक ठेवून आणलं नसतं. आणि बायकोला बरोबर आणलं नसतं."

ह्यांनी काय करावं? थँक यू म्हणायचं सोडून ट्रेमधली चिमट्यांची रांग सरळ करायला लागले. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या हो, ते उकळलेले आहेत."

कचेरीत जाऊन पक्कं व्हायला आणखी सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत ह्यांचं वजन उतरलं. डॉक्टर आजारी पडले तर? बाईंनी मन वळवलं तर? कचेरीला आग लागली तर? मी म्हटलं, "आकाशच पडलं तर?" ह्यांनी त्याचाही विचार केलेला दिसला.

कचेरीत पाच पानांचा नवा कागद होता. जमीन दोघांच्या नावावर, माझ्याही, ते ह्यांनीच सांगितलं. कारकून म्हणाला, "प्रत्येक पानाच्या कडेला सही करा." ह्यांनी पेन घेतलं आणि पानाच्या बरोबर मधोमध, मजकुरावर, सही केली.

"अहो, अहो! कडेला म्हटलं. मजकुरावर काय गिरवताय?"

"कडेला नको," हे म्हणाले.

"नियम आहे."

"कडेला मी सही करणार नाही."

एवढ्या ठामपणे हा माणूस कुणाशी बोललेला मी बघितला नव्हता. मागे रांग लागलेली. कारकुनानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "अक्षर दिसतंय ना खालचं? मग करू द्या." पाच पानं, पाच सह्या, सगळ्या मधोमध. मी अंगठा दिला, तोही त्यांनी माझा हात धरून मध्ये ओढून घेतला. कारकून पुटपुटत शिक्का मारत होता. मग त्यानं कागद मिटला, वर दुसरे कागद ठेवले, आणि झालं. जमीन आमची.

परत येताना हे माझ्यापुढे चार पावलं, नेहमीसारखे. घरांची ओळ दिसायला लागली तिथे थांबले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, निदान हसतील तरी. वळून म्हणाले, "अगं, त्यानं कागद मिटला तेव्हा शाई वाळली होती ना?"

मी म्हटलं, "वाळली होती."

मी काही बघितलं नव्हतं. पण म्हटलं.